गावाचा इतिहास पाहुण्याच्या बॅगेतून येत नाही

शिवजयंतीचा मंडप होता. पुण्याहून आलेले वक्ते भाषणात प्रतापगडाच्या पायथ्याशी पोचले होते, पोरं शिट्ट्या मारत होती आणि मंडपाची मागची दोरी मारुतीच्या देवळाबाहेरच्या एका दगडाला आवळून बांधली होती. दगड कमरेएवढा, कधीतरी निळ्या ऑइलपेंटनं रंगवलेला. तो वीरगळ आहे, लढताना मेलेल्याच्या आठवणीचा कोरीव दगड. खालच्या चौकटीत गाई आणि हत्यार उगारलेली माणसं, एक जण आडवा पडलेला. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतायत. सगळ्यात वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलाय आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. म्हणजे गावची गुरं कुणी हाकून नेत होतं आणि ती सोडवताना हा माणूस मेला. दीड तासाच्या भाषणात त्याचा उल्लेख झाला नाही. होणार कसा? वक्त्यांना तो ठाऊक नव्हता, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही तेव्हा नव्हता.

मला त्या वक्त्यांशी भांडायचं नाही. माणूस मेहनती होता, आवाज खणखणीत होता. पण मानधन, गाडी, साउंड, हार-नारळ असा सगळा खर्च करून आपण गावात जे आणतो, ते शेजारच्या गावानं आदल्या दिवशी ऐकलेलं असतं आणि पुढच्या गावाला उद्या ऐकायचं असतं. ऐकणाऱ्यानं काही विचारायचं नसतं, वक्त्यानं काही दाखवायचं नसतं. हे एक प्रकारचं कीर्तनच, फक्त त्यात अभंग नाही. कीर्तनाला माझा विरोध नाही, पण त्यालाच आपण ‘गावात इतिहास जागवला’ असं म्हणतो, तिथं माझा आक्षेप आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की गावाला वर्षातून एकदा मोठा वक्ता नसला तरी चालेल, पण महिन्यातून एकदा पंधरा माणसांची बैठक हवी. त्या बैठकीत गावातलाच कुणीतरी गावातल्याच एखाद्या गोष्टीवर बोलेल आणि बाकीचे त्याला ‘कशावरून?’ असं विचारतील.

ही काही नवी कल्पना नाही. १९१० साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी सरदार मेहेंदळ्यांच्या साथीनं पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं. त्या मंडळाची खरी ताकद पाक्षिक सभांमध्ये होती. कुणी एखादं पत्र वाचायचं, कुणी नाण्यावर टिपण आणायचं, कुणी एखाद्या तारखेवर वाद घालायचा. टिपण कधी पानभराचं असायचं, पण त्याला कागदाचा आधार लागायचा आणि तो आधार लोक तपासायचे. राजवाड्यांचे ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड ज्या दप्तरांतून निघाले, ती दप्तरं राजदरबारात थोडीच होती? गावोगावच्या वाड्यांत, माळ्यावर, उंदरांच्या तावडीत होती. मग खेड्यातून उचललेला हा इतिहास शहरात छापला गेला आणि आता भाषण होऊन खेड्यात परत येतो. येताना त्यातून खेडं तेवढं गळून पडतं.

आमची बैठक दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी वाचनालयात होते. वाचनालय ‘ड’ वर्गातलं. दोन कपाटं, एक पंखा आणि दहावीच्या पोरांनी व्यापलेलं लांब टेबल. देवळात बसायचं नाही हे पहिल्याच महिन्यात ठरलं, कारण देवळात बसलं की काही माणसं आपोआप दाराशी बसतात आणि काही येतच नाहीत. ग्रामपंचायतीचं सभागृहही नको म्हटलं. तिथं बोललेलं प्रत्येक वाक्य कुठल्या तरी गटाच्या खात्यावर जमा होतं. नियम मोजकेच आहेत. बोलणारा गावचा हवा, किंवा गावात नांदायला आलेली, किंवा गाव सोडून गेलेला. वीस मिनिटांच्या वर बोलायचं नाही. टेबलावर काहीतरी ठेवायचं : कागद, फोटो, खापर, भांडं, काहीच नसेल तर ज्याच्याकडून ऐकलं त्याचं नाव आणि वय. एक जाड वही आहे, तिच्यात तारीख, बोलणारा, सांगितलेलं आणि त्यावर आलेला आक्षेप असं सगळं लिहिलं जातं. आक्षेप लिहायचाच. पहिले सहा महिने आम्ही आक्षेपाचा रकाना ठेवलाच नव्हता आणि ती सहा महिन्यांची पानं आज कुचकामी आहेत.

कुचकामी का, ते सांगतो. आपल्याकडे कुठलंही दगडी देऊळ ‘हेमाडपंती’ असतं, नाहीतर पांडवांनी एका रात्रीत बांधलेलं आणि कोंबडा आरवला म्हणून शिखर राहून गेलेलं. कुठलंही भुयार थेट जवळच्या किल्ल्यात निघतं. सुरुवातीला आम्ही हे सगळं भक्तिभावानं उतरवून घेतलं. मग एका गवंड्यानं, वाचनालयात फरशी बसवायला आला होता त्यानं, हात न थांबवता विचारलं, ‘‘एवढं लांब भुयार, तर मधल्या ओढ्याचं पाणी कुठं जातं?’’ त्या महिन्यापासून आक्षेपाचा रकाना आला. भुयाराची गोष्ट वहीत अजून आहे, पण आता ती ‘लोक असं सांगतात’ या खाली आहे. गोष्ट म्हणून ती मलाही आवडते.

चांगली बैठक कशी असते याचा नमुना म्हणून बहात्तरच्या दुष्काळाची सांगतो. विषय कुणीतरी सहज काढला होता. १९७२ साली जी मुलगी वीस वर्षांची होती, ती आज सत्तरी ओलांडलेली आजी आहे. अशा चार आज्या आल्या. खडी फोडायच्या कामावर हजेरी कोण मांडायचं, मोजमापात कसं मारायचे, सुकडी कुठं शिजायची, तिच्यासाठी डबा घेऊन पोरं किती लांब रांगेत उभी राहायची, लाल मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, भाकरीला वास कसा यायचा, हे दोन तास चाललं. नियम मोडला, पण कुणी अडवलं नाही. मे १९७३मध्ये राज्यभर जवळपास पन्नास लाख माणसं दुष्काळी कामांवर होती, हा आकडा मला वाचून ठाऊक होता. त्या पन्नास लाखांत आमच्या गावच्या किती बाया होत्या आणि आमचा पाझर तलाव नेमका कुणी खणला, ते कुठल्या पुस्तकात मिळणार? त्या संध्याकाळी एकीनं सांगितलं की तलावाच्या भरावावर तिची बहीण दरड कोसळून गेली. तलावाला नाव आहे उद्घाटन करणाऱ्याचं. हे वहीत लिहिलं तेव्हा आक्षेप आला नाही. लिहिणाऱ्या मुलीचा हात मात्र थोडा वेळ थांबला होता.

बायकांचा विषय निघालाच आहे तर, गावचा इतिहास सांगायला ज्यांना बोलावतात त्यांत बाई किती वेळा असते हे आपलं आपण आठवून पाहावं. आणि साधनं मात्र त्यांच्याकडे ढीगभर. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी शेकडो गावं फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत देव आहेत, भाऊ आहे, सासर आहे, तसेच बाबासाहेब आहेत, रेल्वे आहे, गिरणी आहे. कुलकर्ण्याच्या दप्तरात शेतसारा सापडतो, पण सारा भरल्यावर घरात काय उरलं ते ओवीत सापडतं. जातं गेलं, ओवी म्हणणाऱ्या चार-दोन उरल्यात. त्यांना ‘कार्यक्रम’ म्हणून स्टेजवर चढवलं की त्या देवाच्याच ओव्या म्हणतात. वाचनालयात, चहाच्या कपाबरोबर, सासूवरची निघते.

आता यावर सर्वांत जुना आक्षेप : कशाला उकरून काढायचं? गाव सुखानं नांदतंय, नांदू द्या.

हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. गावचा इतिहास म्हणजे जिवंत माणसांच्या चुलत्या-आज्यांचा इतिहास. शिवाजी महाराजांवर कितीही बोला, तुमच्या बांधाला बांध असणारा माणूस दुखावत नाही. पण वतनावर बोला आणि बघा. गावची शीव कुठं आहे, कुठला दगड हलवलेला आहे हे ज्याला ठाऊक, तो महार. शिवेचा वाद आला की साक्ष त्याची. या कामाबद्दल मिळणारी वतनजमीन म्हणजे रात्रंदिवस राबवून घेण्याची दोरी आहे, हे ओळखून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं. वतनं प्रत्यक्षात गेली १९५८च्या कायद्यानं. पुढं त्या जमिनींचं काय झालं, कुणाच्या नावावर ‘वर्ग दोन’ (म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) लागला, कुणी किती रुपयांत अंगठा घेतला, हे फेरफारांच्या रजिस्टरात आहे आणि गावातल्या प्रत्येकाला तोंडपाठ आहे. गावची शीव ज्याच्या पायाखालची, त्याच्या घरचं माणूस गावच्या इतिहासाच्या व्यासपीठावर कधी बसतं?

दुसरीकडे १९४८. गांधीहत्येनंतर पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरं जळाली. त्या जळितात काही ठिकाणी माणसांबरोबर कुलकर्ण्यांची दप्तरंही गेली. त्याच वर्षी मराठवाड्यात आधी रझाकारांनी गावं भाजून काढली आणि सप्टेंबरातल्या पोलीस कारवाईनंतर मुसलमान वस्त्यांवर सूड उगवला गेला. ज्यांच्यावर बेतलं ते गाव सोडून गेले, बाकीचे गप्प बसले आणि ती गप्प बसण्याची सवय नातवंडांपर्यंत आली. माझ्या पिढीला पडक्या वाड्याचं जोतं माहीत असतं, तो पडका का, ते माहीत नसतं.

आम्ही यावर काढलेली वाट अर्धवट आहे, तरी सांगतो. कोर्टात किंवा तहसीलमध्ये वाद चालू असलेल्या जमिनीचा कागद बैठकीत वाचायचा नाही. एखाद्या घराबद्दल बोलायचं तर त्या घरच्याला आधी सांगायचं. त्यानं नको म्हटलं तर थांबायचं, पण वहीत ‘विषय पुढे ढकलला’ असं लिहून ठेवायचं. आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या घरच्या माणसाला पहिल्यांदा बोलू द्यायचं, मग बाकीच्यांनी. यामुळे दोन विषय गेली दोन वर्षं पुढे ढकलले जातायत. त्याचा मला राग येतो. पण भांडणात बैठकच मोडली असती तर मला जास्त राग आला असता.

वस्त्यांच्या नावांचंही असंच. डिसेंबर २०२०मध्ये राज्य सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा अशा पाट्या जाऊन समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर आली. पाटी गेली हे उत्तमच झालं. पोस्टाच्या पत्त्यावर रोज जात लिहावी लागणं हा काही वारसा नव्हे. तरी आमच्या बैठकीत एक तरुण पोरगा, त्याच वस्तीतला, म्हणाला, ‘‘पाटी काढा, पण वहीत जुनं नाव लिहा. नाहीतर पन्नास वर्षांनी म्हणतील, इथं सगळे पहिल्यापासून समतेनंच राहत होते.’’ मला इतक्या नेमकेपणानं सांगता आलं नसतं.

दुसरा आक्षेप शहाण्या लोकांचा : हे तज्ज्ञांचं काम आहे, हौशी माणसं गोंधळ घालतात. घालतात, कबूल. वीरगळाला ऑइलपेंट लावणारे हौशीच होते आणि त्यांना वाटत होतं आपण दगडाची सेवा करतोय. जीर्णोद्धाराच्या नावाखाली कोरीव दगड पायात गाडून वर ग्रॅनाइट बसवणारेही गावचेच. पण तज्ज्ञ गावात येतो कधी? नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या दायमाबादला १९७४ साली ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले. मिळून साठ किलोच्या वर वजन. सापडले कुणाला? छबू लक्ष्मण भिल या गावकऱ्याला, जमीन खणताना. सोलापूर जिल्ह्यातल्या हत्तरसंग कुडलचा शके ९४०चा, म्हणजे इसवी सन १०१८चा मराठी शिलालेख, ‘वाछि तो विजेया होईवा’ (वाचेल तो विजयी होईल) हा, उजेडात आणला आनंद कुंभार यांनी. ते कुठल्या विद्यापीठातले प्राध्यापक नव्हते. पायपीट करून देवळांचे खांब न्याहाळणारे होते. तज्ज्ञ लागतातच, वाचायला, काळ ठरवायला, आमच्या चुका काढायला. पण तज्ज्ञाला फोन कधी करायचा हे कळण्यापुरती नजर गावात असायला हवी, आणि ती नजर महिन्याच्या महिन्याला बसूनच तयार होते.

उलटी बाजूही आहे : तज्ज्ञांनी काम करून ठेवलं आणि गावाला पत्ताच नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाची घरटी पाहणी करून ती १९१७ साली छापली. दर खातेदारामागे जमीन १७७१ साली सरासरी ४० एकर होती, ती १९१५च्या सुमाराला ७ एकरांवर आली, असा त्यांचा हिशेब. देशातल्या शेतजमिनीच्या तुकडीकरणाच्या चर्चेत हे आकडे शंभर वर्षं फिरतायत. आज पिंपळे सौदागरला वीस-वीस मजली सोसायट्या आहेत. तिथं शिवजयंतीला व्याख्यानही होत असेल. पण आपण ज्या जमिनीवर पार्किंग करतो तिच्यावर कुणाचं किती कर्ज होतं, हे घर न् घर मोजून लिहिलेलं आहे, हे तिथल्या किती जणांना कुणी सांगितलंय? अशा गावात बैठकीचे दोन वर्षांचे विषय त्या एका पुस्तकात आहेत.

मोडीचं तर विचारूच नका. शाळेतून मोडी जाऊन साठ-सत्तर वर्षं झाली. ज्यांच्या पेट्यांत मोडी कागद आहेत त्यांना ते वाचता येत नाहीत, म्हणून ते ‘काहीतरी महत्त्वाचं’ ठरतात आणि लाल फडक्यात बांधून देवघरात ठेवले जातात. मग सप्टेंबर २०२३मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि एकाएकी तालुक्याच्या गावी मोडी वाचणाऱ्याला किंमत आली. लोकांनी पेट्या उघडल्या. आरक्षणाच्या प्रश्नावर इथं बोलायचं नाही, पण त्या वेळी मी जे पाहिलं ते विसरत नाही : माणसं कागद घेऊन यायची, एकच शब्द शोधायची, तो नसला तर कागद परत गुंडाळायची. त्याच कागदावर त्यांच्या खापरपणज्यानं विहिरीसाठी घेतलेलं कर्ज होतं, दोन बैलांचं वर्णन होतं, साक्षीला कोण कोण बसले होते त्यांची नावं होती. त्यात एकाला रस नव्हता. दाखल्यापुरता इतिहास लागतो, ही सवय आपल्याला सरकारनं लावली असेल, पण ती मोडायला सरकार येणार नाही. आमच्यातल्या दोघी मुलींनी पुराभिलेख विभागाचा मोडीचा वर्ग केला. आता महिन्याला एक कागद वाचला जातो. बहुतेक कागद कंटाळवाणे असतात. तसंच असायला हवं. रोज लढाई कुठल्या गावात होते?

पैशाचं विचाराल तर चहा आणि वही एवढाच खर्च आहे. तरीही ग्रामपंचायतीनं शिवजयंतीच्या व्याख्यानाला जेवढे पैसे द्यायचे, त्यातला थोडा भाग एका स्कॅनरला द्यावा, असा ठराव आम्ही ग्रामसभेत मांडला. पडला. ‘‘फोटो मोबाइलवर निघतो की,’’ असं उत्तर मिळालं. निघतो, पण फोन बदलला की जातोही. गेल्या पावसाळ्यात एका घरचा १९३०च्या आसपासचा शेतीच्या जमाखर्चाचा पुडका भिजून लगदा झाला. त्यातल्या अकरा पानांचे फोटो कुणाच्या तरी मोबाइलमध्ये होते आणि तो मोबाइल विहिरीत पडला होता.

बैठकीला कधी पंचवीस जण असतात, कधी चार. आयपीएलच्या दिवसांत चारच. गेल्या महिन्यात विषय वीरगळाचा होता. रंग कसा काढावा हे पुरातत्त्वाच्या जाणकारांना विचारेपर्यंत हात लावायचा नाही असं ठरलं. एका भावकीनं तो आपलाच पूर्वज असल्याचं सांगितलं. ‘कशावरून?’ तर आडनावावरून. वहीत लिहिलं : दावा नोंदवला, पुरावा नाही.

यंदा शिवजयंतीच्या आदल्या दिवशी मी मुद्दाम मंडपवाल्याला सांगायला गेलो की दोरी त्या दगडाला बांधू नको. तो म्हणाला, ‘‘मागल्या साली पोरांनी बांधली, मी नव्हतो. मी बांधत नाय त्याला. आमची आजी दर अवसेला तिथं दिवा लावायची. गुराख्या म्हणायची ती त्याला.’’

तीस वर्षं तो गावात मंडप घालतोय. वाचनालयाच्या दारातनं कितीदा तरी गेला असेल. त्याला आम्ही कधी विचारलंच नव्हतं.